आतडं, वजन आणि आपला वेळ

(आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल दिवसभर आपण गर्भाशयाच्या तोंडाच्या आणि स्तनांच्या कॅन्सरबद्दल बोललो. आज मला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल बोलायला सांगितलंय. कार्यक्रमपत्रिका पाहून सकाळी दोघी-तिघींनी मला विचारलं, "हा बायकांचा आजार आहे का?" प्रश्न रास्त आहे. बाईचं आरोग्य म्हटलं की गर्भाशय, बाळंतपण, पाळी आणि स्तन, एवढंच डोळ्यांपुढे येतं. सरकारी कार्यक्रमांनी बाईकडे मूल होणारं किंवा न होऊ द्यायचं शरीर म्हणून पाहिलं. आपणही त्याच्याशी भांडता भांडता बऱ्याचदा त्याच अवयवांपाशी थांबलो. पण बाईला आतडंही असतं. २०२२ साली जगभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसं त्याने दगावली. त्यात बाया आणि पुरुष दोघंही आहेत.

आपल्या देशात या आजाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरंच कमी आहे, हे आधीच सांगते. कुणाला घाबरवायला मी इथे उभी नाही. तरीही हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. शरीराच्या हालचालीने ज्या कॅन्सरचा धोका कमी होतो असा भक्कम पुरावा आहे, त्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर अगदी पुढे आहे. आणि हालचालीचा विषय निघाला की बाईचा वेळ, बाईचं बाहेर पडणं आणि बाईच्या जाडीवर होणारी शेरेबाजी हे सगळं आपोआप त्यात येतं. ते तर आपलेच विषय आहेत.

मी डॉक्टर नाही. परिचारिकेचं शिक्षण घेतलं, काही वर्षं दवाखान्यात काम केलं आणि नंतर वस्त्यांमधून आरोग्याच्या बैठका घेत आले. म्हणून जे सांगणार ते बैठकीत सांगावं तसंच सांगते. मध्येच प्रश्न विचारलेत तरी चालेल.

आतड्यात काय घडतं?

मोठं आतडं म्हणजे साधारण पाच फूट लांबीची नळी. लहान आतड्यातून आलेल्या पातळ चोथ्यातलं पाणी शोषून घेणं आणि उरलेल्याचा मळ करून पुढे ढकलणं, हे तिचं काम. या नळीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी दर काही दिवसांनी झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. पेशी सतत नव्या होत राहतात म्हणजे चुकण्याची संधीही सतत असते. कुठेतरी पेशींची वाढ ताळ्यावर राहत नाही आणि आतल्या बाजूला कोंबासारखी गाठ येते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. त्यांतले काही सावकाश, साधारण दहा किंवा त्याहूनही जास्त वर्षांत कॅन्सरमध्ये बदलतात. हा संथपणा आपल्या बाजूचा आहे. तेवढ्या काळात पॉलिप दुर्बिणीने पाहून काढून टाकता येतो, आणि तेवढ्या काळात शरीरातलं वातावरणही बदलता येतं.

वातावरण म्हणजे काय? आपण बसून राहतो आणि पोटात, विशेषतः आतड्यांच्या आजूबाजूला, चरबी साठते. तेव्हा शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. साखर आटोक्यात ठेवण्याबरोबरच इन्सुलिन पेशींना 'वाढा' असा निरोपही देत असतं. पोटातल्या चरबीतून काही रसायनं सुटतात आणि शरीरात एक बारीक दाह धुमसत राहतो. वाढीचा निरोप आणि दाह या दोन्हींमुळे बिघडलेल्या पेशींचं फावतं. उलट चालताना, चढताना, नाचताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनची गरज उतरते आणि दाहही कमी होतो. यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. स्नायूंचं हे काम वजनकाट्यावर एक किलोचा फरक पडण्याआधीच सुरू होतं.

हे कळलं कसं?

आपल्या चळवळीत 'शास्त्रज्ञ म्हणतात' म्हणून मान डोलवायची पद्धत नाही, म्हणून पुरावा कसा जमला तेही सांगते.

सुरुवात आतड्यापासून झालीच नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मग असाच प्रश्न इतर आजारांबाबत विचारला जाऊ लागला. १९८४ साली लॉस एंजलिसमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बैठं काम करणाऱ्या पुरुषांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका हालचालीचं काम करणाऱ्यांच्या किमान १.६ पट दिसला. तुमच्या लक्षात आलं असेल, दोन्हीकडे पुरुषच. कामगार म्हणजे पुरुष, हे गृहीत संशोधनातही होतं. बाईच्या कामाची नोंद 'गृहिणी' या एका शब्दात संपत असे, मग तिची हालचाल मोजणार कोण?

बायकांविषयीचा मोठा पुरावा अमेरिकेतल्या परिचारिकांकडून आला. १९७६ पासून एक लाखाहून अधिक परिचारिकांनी दर दोन वर्षांनी प्रश्नावल्या भरल्या. माझ्याच पेशाच्या बाया, म्हणून मला त्याचं थोडं जास्त कौतुक. १९९७ साली त्यातले मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दलचे निष्कर्ष छापले गेले. रोज साधारण पाऊण तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्या बायकांमध्ये, जवळजवळ काहीच न करणाऱ्यांच्या मानाने, धोका निम्म्याच्या आसपास होता. त्यानंतर जगभरचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा फरक इतका मोठा राहिला नाही. बायकांमध्ये तो साधारण एक पंचमांश निघाला. पण तो पुन्हा पुन्हा निघाला. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने म्हटलं की, शारीरिक हालचाल मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपासून संरक्षण देते याला पुरेसा पुरावा आहे. गुदाशयाच्या कॅन्सरबाबत मात्र हालचालीचा असा स्पष्ट फायदा दिसलेला नाही, हेही सांगायला हवं.

एक पंचमांश म्हणजे किती? हिशेबाला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. समजा, बसून राहणाऱ्या १००० बायकांपैकी आयुष्यभरात २० जणींना हा आजार होतो. तर त्याच बायका नियमित हालचाल करणाऱ्या असत्या, तर तो साधारण १६ जणींना झाला असता. चौघी वाचल्या. सोळाजणी चालत होत्या तरी त्यांना आजार झालाच. हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता कुणी म्हणेल, चालणाऱ्या बायका मुळातच सुस्थितीतल्या असतात, चांगलं खातात, सिगारेट ओढत नाहीत, त्यामुळे हा फरक दिसत असेल. शंका बरोबर आहे. संशोधक हे घटक हिशेबातून वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होत नाहीत. म्हणूनच २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग महत्त्वाचा आहे. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तो झाला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेले ८८९ रुग्ण त्यात होते. कुणी कोणत्या गटात जायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाला आरोग्यविषयक पुस्तिका दिल्या. दुसऱ्या गटाला तीन वर्षं व्यायामाचा ठरवून दिलेला कार्यक्रम आणि सोबत मार्गदर्शन करणारं माणूस दिलं. व्यायामाचा ऐवज फार नव्हता, आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालण्याइतका. पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८०.३ टक्के होतं, पुस्तिकावाल्यांत ७३.९ टक्के. आठ वर्षांनी जिवंत असणारे ९०.३ टक्के आणि ८३.२ टक्के. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात थोड्या जास्त होत्या, तेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. हा प्रयोग आजार झालेल्यांवरचा आहे, आजार होऊ नये यासाठीचा नाही. पण हालचालीचा संबंध केवळ योगायोग नाही, हे त्याने पक्कं केलं.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी मला तुमच्यापुढे ठेवायच्या आहेत. पहिली, दोन्ही गटांच्या वजनात आणि कंबरेच्या घेरात फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे फायदा झाला तो बारीक होण्यामुळे नव्हे. दुसरी, नुसती पुस्तिका देऊन भागलं नाही. सोबत कुणीतरी होतं, तीन वर्षं होतं. आपल्या गटांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

वजनाचं काय?

आता अवघड भागाकडे येते. वजनाबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्यातल्या अनेकींच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे मला ठाऊक आहे. बघायला आलेल्या मंडळींनी 'मुलगी जरा अंगाने जास्त आहे' म्हणून दिलेले नकार, 'बाळंतपणानंतर सुटली' हे टोमणे, आठ दिवसांत कंबर कमी करून देणाऱ्या जाहिराती. बाईच्या शरीराचं मोजमाप दुसऱ्याच्या नजरेने करायला आपण विरोध केला आणि तो बरोबरच होता. पण त्या विरोधात एक धोका आहे. वजनाची चर्चा म्हणजे सौंदर्याची चर्चा असं धरून आपण आरोग्याचा प्रश्नही बाजूला टाकतो.

तेव्हा खरं काय ते पाहू. जास्तीच्या चरबीचा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी संबंध आहे. २०१६ साली त्याच जागतिक संस्थेने तेरा प्रकारच्या कॅन्सरची यादी दिली, ज्यांत अतिरिक्त चरबी टाळल्याने धोका कमी होतो असा पुरेसा पुरावा आहे. त्यात मोठं आतडं आणि गुदाशय आहे, पाळी गेल्यानंतरचा स्तनांचा कॅन्सर आहे, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही आहे. मोठ्या आतड्याच्या बाबतीत हा संबंध पुरुषांत जास्त ठळक आहे. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या हिशेबात उंची-वजनाच्या निर्देशांकात पाच अंकांची वाढ झाली की पुरुषांत धोका २४ टक्क्यांनी आणि बायकांत ९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पाच फूट उंचीच्या बाईला पाच अंक म्हणजे साधारण साडेअकरा किलो. मघाच्या उदाहरणात २० च्या जागी जवळपास २२ जणी. बायकांत हा संबंध सौम्य का, याची कारणं शोधली जात आहेत. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा त्यात हात असावा असा अंदाज आहे.

म्हणजे बाईच्या मोठ्या आतड्यापुरतं बोलायचं, तर साडेअकरा किलोंनी जेवढा फरक पडतो त्यापेक्षा चालण्याने पडणारा फरक कमी नाही, जास्तच आहे. तरी दवाखान्यात काय घडतं? आमच्या गटातल्या एक बाई पोटदुखीची तक्रार घेऊन एका डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी पोटाला हातही न लावता "आधी वजन कमी करा" म्हणून परत पाठवलं. कसं करायचं, कुठे चालायचं, कधी चालायचं, काही नाही. अपमान झाला आणि उपयोग शून्य. त्यानंतर वर्षभर त्या कुठल्याच डॉक्टरांकडे गेल्या नाहीत.

या निर्देशांकाबद्दलही थोडं सांगते. तो १८३० च्या दशकात केतले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडला. लोकसमूहांचा अभ्यास करताना 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला शोधायचं होतं, एकेका माणसाची तब्येत ठरवायची नव्हती. चरबी किती, स्नायू किती, चरबी मांड्यांवर आहे की पोटात, हे त्यातून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात आपला आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोटात चरबी, असं शरीर फार आढळतं. म्हणून आपल्याकडे बायकांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर लक्ष द्यावं असं तज्ज्ञ सांगतात. जाड दिसणारी बाई चालती-फिरती असेल तर ती तिच्या बारीक, बसून राहणाऱ्या जावेपेक्षा बऱ्या स्थितीत असू शकते. आणि बारीक बाईने 'मला काय गरज' म्हणून निश्चिंत राहू नये.

एक विनंती. वजन उतरवायचं म्हणून जेवण तोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के बायकांचं वजन जास्त होतं आणि १८.७ टक्के बायका कमी वजनाच्या होत्या. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात या दोन्ही बाया असतात. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणारीला 'कमी खा' सांगणारा सल्ला कुचकामी आहे. तिला डाळ, भाजी, भाकरी पोटभर मिळायला हवी. तंतुमय अन्न आतड्याला चांगलंच. दारू, तंबाखू आणि खारवलेलं-मुरवलेलं मांस यांनी धोका वाढतो, तेही टाळावं.

"घरकाम हाच आमचा व्यायाम"

प्रत्येक बैठकीत हा मुद्दा येतो. नवरेही तो मोठ्या उत्साहाने मांडतात. शिवाय आजीच्या जात्याची आठवण निघते. जातं होतं, आडाचं पाणी होतं, म्हणून तेव्हाच्या बायका ठणठणीत होत्या म्हणे! त्यांच्या कंबरेचं काय झालं, किती जणी बाळंतपणात गेल्या, हे त्या आठवणीत नसतं. मिक्सर परत करून पाटा-वरवंटा आणायला कुणी सांगत असेल, तर त्याने स्वतः तो आधी महिनाभर वापरावा.

तरीही प्रश्न खरा आहे. घरकाम मोजलं जातं का? जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि त्यात घरकाम, मजुरी, पायी ये-जा हे सगळं धरलं आहे. हालचाल मध्यम कशी ओळखायची? श्वास थोडा वाढतो, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. या हिशेबाने पाणी वाहणं, धुणं आपटणं, शेतातली खुरपणी मोजली जाईल. शेतमजूर बाईला 'व्यायाम करा' म्हणून सांगायला जाणं हा तिचा उपमर्द आहे. तिला विश्रांती, मजुरी आणि पुरेसं अन्न हवं आहे.

पण कष्ट आणि हालचाल या दोन गोष्टी एकच नाहीत. सोलापूरची विडी वळणारी बाई घ्या. मांडीवर सूप घेऊन आठ-आठ, दहा-दहा तास एका जागी बसते. बोटं थांबत नाहीत, पाठ मोडून येते, रात्री अंग ठणकतं. कष्ट म्हणाल तर अपार, पण पाय हललेले नाहीत. शिवणयंत्रावरची बाई, पापड लाटणारी, संगणकावर बसणारी, भाजीच्या पाटीपाशी बसून राहणारी, सगळ्यांचं असंच. दमणं म्हणजे हालचाल झाली असं नव्हे. घरकामातही पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास घेणं यांत वेळ जातो, पण श्वास वाढत नाही. आपल्या देशातल्या प्रौढ बायकांपैकी सुमारे ५७ टक्के बायकांची हालचाल अपुरी असल्याचा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात दिला आहे. पुरुषांमध्ये तो ४२ टक्के आहे. आळशी म्हणून नव्हे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटं विनामोबदला घरकाम करत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, आणि असे पुरुष मुळात चारांत एकच. मग त्या बाईची चालायची चाळीस मिनिटं येणार कुठून? पहाटे आणखी लवकर उठून? झोपेतून?

म्हणून मी म्हणते, व्यायामाचा प्रश्न हा बाईच्या मनाच्या निर्धाराचा कमी आणि घरातल्या कामाच्या वाटपाचा जास्त आहे. 'शतपावली' हा शब्द आपल्याकडे आहे, पण जेवणानंतर शतपावली घालायला कोण जातं आणि मागे उष्टी-खरकटी कोण आवरतं, ते प्रत्येकीने आपल्या घरात पाहावं.

वेळेनंतर प्रश्न जागेचा. पदपथ नाही, असला तर त्यावर गाड्या लावलेल्या, दिवे नाहीत, वाटेत स्वच्छतागृह नाही, कोपऱ्यावर टोळकं उभं. 'व्हाय लॉयटर?' या २०११ सालच्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांवरच्या बायकांबद्दल लिहिलं आहे. बाईला बाहेर पडायला नेहमी काहीतरी काम लागतं, विनाकारण रेंगाळायचा हक्क तिला नसतो, हे त्यांचं म्हणणं आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. पिशवी हातात असली की कुणी विचारत नाही, हात मोकळे असले की विचारतात, "कुठं निघालीस?" मुलींचं तर पाळी आली की खेळणं बंद होतं, आणि मैदान भावाच्या मालकीचं होतं. शरीर हलवायची सवय तिथेच तुटते.

गटांनी काय करावं?

एक, एकटीने सुरू करू नका. आमच्याकडे नऊजणींनी सुरुवात केली. साडीवर बूट घालायची लाज वाटत होती. नऊजणींच्या पायांत बूट दिसल्यावर हसणारे आठवड्यात थकले. चौघी आजही नियमित येतात. ज्या येत नाहीत त्यांना बोल लावू नका. त्यांच्या घरी काय अडलंय ते विचारा.

दोन, बैठं काम करणाऱ्या मैत्रिणींनी तासातून एकदा उठून चार-पाच मिनिटं फिरावं. कारखान्यात, विडीच्या शेडमध्ये अशी सुट्टी मागून घ्यावी लागेल. ती मागणी संघटनेच्या मागणीपत्रात जाऊ द्या.

तीन, चालणंच पाहिजे असं नाही. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, हे मंगळागौरीचे खेळ चांगलेच घाम काढतात. व्रत बाजूला ठेवू, खेळ घेऊ. ते नव्या नवरीपुरते आणि श्रावणापुरतेच का ठेवायचे? विधवा, परित्यक्ता, लग्न न केलेल्या, सगळ्यांनी खेळावेत. गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र बेताने.

चार, नगरपालिकेकडे मागण्या न्या. पदपथ, दिवे, स्वच्छतागृह, आणि बाग दुपारी बायकांच्या सवडीच्या वेळात उघडी.

दोष कुणाचा नाही

मघाचे आकडे आठवा. चालणाऱ्यांतल्याही सोळाजणींना आजार झालाच. म्हणून कुणाला कॅन्सर झाला की "व्यायाम केला नाहीस, वजन वाढू दिलंस" असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. वय, घराण्यातला आजार, निव्वळ नशीब, यांचा वाटा मोठा आहे. हालचालीने धोका कमी होतो, जात नाही.

आणि म्हणूनच लक्षणं माहीत हवीत. शौचातून रक्त पडणं, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना वजन उतरणं, पोटात राहून राहून दुखणं. रक्त दिसलं की बायका लाजेने सांगत नाहीत, किंवा मूळव्याध म्हणून घरचं औषध करतात. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते. पण ते तपासणाऱ्याने ठरवावं, शेजारणीने नव्हे.

आणखी एक लक्षण आपल्या बायकांत हमखास निसटतं, ते म्हणजे रक्त कमी असणं. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातला कॅन्सर बायकांत तुलनेने जास्त आढळतो. तिथलं रक्त डोळ्यांना न दिसता थेंबाथेंबाने जातं आणि फक्त दम लागतो, थकवा येतो. आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याने कुणाला त्यात विशेष वाटत नाही. लोहाच्या गोळ्या देतात आणि पाठवतात. पाळी गेलेल्या बाईच्या अंगातलं रक्त कमी होत असेल तर ते जातंय कुठे, हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. शौचात न दिसणारं रक्त तपासण्याची साधी चाचणी आहे, आणि गरज पडली तर दुर्बिणीने आतडं पाहता येतं. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, मोठ्या आतड्याचा नाही. त्यामुळे आपणहून विचारल्याशिवाय हे कुणी करणार नाही. ज्यांच्या आई-वडिलांना, भावंडांना हा आजार झाला असेल त्यांनी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जेवणानंतरच्या गटचर्चेत प्रत्येक गटाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या वस्तीत बाईला अर्धा तास बिनधास्त चालता येईल असा रस्ता कोणता, नसेल तर तो होण्यात अडचण कशाची, आणि त्या अर्ध्या तासात तिच्या घरचं काम कोण करणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'सासू' किंवा 'मोठी मुलगी' असं लिहून आणलंत, तर ते मी परत करणार आहे.